भावाला डोळ्याचा टीबी सांगितलाय, छातीचे डॉक्टर नाही म्हणतात. काय करावं?

थोरली_ताई

नमस्कार. धाकट्या भावासाठी विचारतेय. वय २८, भांडुपला आईबाबांसोबत राहतो, नोकरी लोअर परळला. जुलैमध्ये त्याचा उजवा डोळा लाल झाला, उजेड सहन होईना. पावसाळा, आजूबाजूला डोळ्यांची साथ, म्हणून जवळच्या डॉक्टरांनी "डोळे आलेत" म्हणून थेंब दिले. लाली गेली, पण धुरकट दिसणं राहिलं. नजरेसमोर काळे ठिपके तरंगतात म्हणायचा. मग दुसरीकडे स्टेरॉइडचे थेंब आणि गोळ्या मिळाल्या, दहा दिवसांत एकदम बरं वाटलं. गोळ्या संपल्या आणि तीन आठवड्यांत पुन्हा तेच. या वेळी वाचताना मधली अक्षरंच गायब.

आता रेटिनाच्या डॉक्टरांनी सांगितलं की पडद्यामागच्या थराला, कोरॉइडला सूज आहे, ती नागमोडी पसरत चाललीय आणि यामागे टीबी असावा. टीबीसाठी त्वचेवर करतात ती मांटू चाचणी १८ मिलिमीटर, रक्ताची इग्रा चाचणी पॉझिटिव्ह. छातीचा एक्स-रे स्वच्छ, पण सीटी स्कॅनमध्ये छातीच्या मधल्या भागात दोन-तीन लहान गाठी. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात टीबीची औषधं सुरू करा. छातीचे डॉक्टर म्हणतात गाठी किरकोळ आहेत, जंतू कुठेच सापडलेला नाही, एवढ्यावर औषध देणार नाही. खोकला नाही, ताप नाही, वजन उतरलेलं नाही. आई तर ऐकूनच घेत नाही, "डोळ्याला कधी टीबी होतो का?" म्हणते.

कुणी यातून गेलंय का? मुंबईत कुठे दाखवावं? आणि माझा दोन वर्षांचा मुलगा मामाच्या अंगाखांद्यावर असतो, त्याला धोका आहे का?

मीना_कोपरी

ताई, मी गेलेय. २०१९ साली, डावा डोळा. तुमच्या भावाची गोष्ट वाचताना माझेच जुने कागद पुढे आल्यासारखं वाटलं.

मला आठ महिने नुसत्या स्टेरॉइडवर ठेवलं होतं. घेतलं की सूज उतरायची, डोस कमी केला की परत यायची. असं तीनदा झालं आणि प्रत्येक वेळी पडद्यावर एक नवा डाग ठेवून गेली. ते डाग आता कायमचे आहेत, तिथलं मला दिसत नाही. म्हणून कळकळीने सांगते, "स्टेरॉइडने बरं वाटलं" याला बरं झालं समजू नका. आतला टीबी तसाच राहिला तर सूज फक्त दबते.

नंतर मला नऊ महिने टीबीची औषधं दिली, सोबत स्टेरॉइड हळूहळू कमी करत नेलं. त्यानंतर आजपर्यंत एकदाही परतली नाही.

एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती, ती सांगते. औषधं सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात माझा डोळा आणखी बिघडला. मी इतकी घाबरले की गोळ्या बंदच करणार होते. औषधाने जंतू मरायला लागले की शरीराची त्यांच्याविरुद्धची प्रतिक्रिया काही दिवस उसळते, त्यामुळे सूज वाढू शकते, असं डॉक्टरांनी समजावलं. त्यांनी स्टेरॉइड वाढवलं, टीबीच्या गोळ्या चालूच ठेवल्या. तेव्हा असं झालं तर स्वतःच्या मनाने काही बंद करू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना गाठा.

लघवी केशरी होते, घाबरायचं नाही. अश्रूही केशरी होतात, माझ्या कॉन्टॅक्ट लेन्स डागाळून गेल्या. भाऊ लेन्स लावत असेल तर चष्मा करून घ्या.

परळचा_वाटसरू

आमच्या शेजाऱ्यांना असंच झालं होतं. त्यांनी एका वैद्यांचे थेंब आणि त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुणं चालू केलं, लाली लगेच गेली. टीबीच्या गोळ्या लिव्हर खराब करतात. आधी हे करून बघा, मग पुढचं.

दृष्टी_तपासनीस

वाटसरूदादा, तुम्ही आपुलकीने लिहिलंय हे कळतं, पण हे करून बघण्यात जे दिवस जातील ते या मुलाला परवडणारे नाहीत. सूज डोळ्याच्या मागच्या भिंतीत आहे, वरून घातलेलं पाणी किंवा थेंब तिथे पोचतच नाही. लाली जाणं म्हणजे आजार जाणं नव्हे. आणि ती नागमोडी कडा दृष्टीच्या केंद्रबिंदूवर, मॅक्युलावर चढली की मधलं दिसणं परत मिळत नाही. थोरली_ताई, वाचताना मधली अक्षरं जाताहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे कडा जवळ आलीय. या आठवड्यात हलायला हवं.

मी एका महापालिका रुग्णालयात डोळ्यांच्या विभागात काम करते. डॉक्टर नाही, पण असे रुग्ण रोज समोर बसतात.

आईंना सांगा, टीबी रक्तातून कुठेही जाऊ शकतो आणि कोरॉइड हा शरीरातल्या सगळ्यात जास्त रक्तपुरवठा असलेल्या भागांपैकी एक आहे. फुप्फुसात काहीही न दिसता फक्त डोळ्यात सापडणारे रुग्ण खूप असतात. शिवाय डोळ्यातली सगळी सूज जंतूच करतो असं नाही. थोडेसेच जंतू असतात आणि त्यांच्याविरुद्ध शरीरच पेटून उठतं. म्हणूनच डोळ्याच्या आतलं पाणी काढून पीसीआर, म्हणजे जंतूच्या जनुकांचा शोध घेणारी चाचणी, केली तरी पुष्कळदा हाती काही लागत नाही. पीसीआर निगेटिव्ह आला म्हणून टीबी नाही, असं त्यामुळे म्हणता येत नाही.

छातीच्या डॉक्टरांचा आक्षेपही पोकळ नाही हं. आपल्या देशात कितीतरी धडधाकट माणसांची मांटू पॉझिटिव्ह येते, लहानपणी बीसीजी टोचलेली असते. इग्रावर बीसीजीचा परिणाम होत नाही, पण तीसुद्धा जंतू कधीतरी शरीरात शिरला होता एवढंच सांगते. आजार चालू आहे का, हे दोन्ही चाचण्या सांगत नाहीत. निदान होतं ते सगळं जुळवून: डोळ्यातलं चित्र कसं आहे, चाचण्या काय म्हणतात, छातीत काही खूण आहे का, आणि दुसरं कारण निघतंय का. सिफिलिस, एचआयव्ही, सार्कॉइड (टीबीसारख्याच गाठी होणारा, पण जंतू नसलेला आजार), टॉक्सोप्लाझ्मा (एका परजीवीचा संसर्ग) हे तपासलंय का? सिफिलिस तर डोळ्यात कुठल्याही आजाराची नक्कल करतो. घरच्यांना विचारायला संकोच वाटतो, पण रक्ताची साधी चाचणी आहे, नक्की करून घ्या.

भावाला सांगितलेला नागमोडी प्रकार टीबीशी बऱ्यापैकी घट्ट जोडलेला आहे. कॉट्स नावाच्या, युव्हिआयटिस म्हणजे डोळ्याच्या आतली सूज बघणाऱ्या जगभरच्या तज्ज्ञांच्या गटाने नेमक्या याच पेचावर एकत्र बसून सहमती काढली आहे. या प्रकारात मांटू किंवा इग्रा पॉझिटिव्ह असेल आणि छातीच्या चित्रातही टीबीची खूण असेल, तर जंतू हाती लागला नाही तरी औषधं सुरू करण्याच्या बाजूनेच त्यांचं मत आहे. आपल्याकडच्या २०१६ च्या इंडेक्स-टीबी मार्गदर्शिकेतही डोळ्याच्या टीबीला ६ ते ९ महिने उपचार सांगितलेत.

मी तुमच्या जागी असते तर छातीच्या डॉक्टरांना एवढंच विचारलं असतं: या गाठींतून दुर्बिणीने, सुई घालून नमुना घेता येईल का? डोळ्यातून जे मिळत नाही ते गाठीतून मिळू शकतं. त्या नमुन्यावर सीबीनॅट ही जंतू शोधणारी चाचणी झाली तर रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद न देणारा टीबी आहे का हेही कळतं, आणि मुंबईत हा प्रश्न सोडून देण्यासारखा नाही.

कुठे दाखवायचं? केईएम, सायन, नायर, जेजे. यातल्या कुठल्याही ठिकाणी डोळ्यांचा विभाग आणि छातीचा विभाग एकाच रुग्णालयात आहेत, म्हणून मी हीच नावं देईन. दोन वेगळ्या दवाखान्यांत दोन डॉक्टर एकमेकांशी न बोलता मत देतात, तिथेच तुमचं घोडं अडलंय. केसपेपरसाठी सकाळी लवकर जा. खाजगीत जायचं असेल तर साध्या रेटिना तज्ज्ञापेक्षा युव्हिआयटिस बघणारे कोण आहेत ते विचारा. आजवरचे डोळ्याच्या पडद्याचे सगळे फोटो, अँजिओग्राफी, ओसीटी (पडद्याच्या थरांचं स्कॅन) सोबत न्या, नुसते रिपोर्ट नकोत. कडा किती सरकली हे फोटो शेजारी ठेवूनच कळतं. आणि थेंब घालून बाहुली मोठी करतील, त्या दिवशी त्याला लोकलने एकटं परतू देऊ नका.

थोरली_ताई

डोळ्यात पाणी आलं वाचून. कुणी इतकं नीट समजावलंच नव्हतं. एचआयव्ही निगेटिव्ह आहे, सिफिलिसची चाचणी झालेली नाही, करून घेते. औषधांनी डोळ्यावरच परिणाम होतो असं ऐकलं, ते खरं का?

दृष्टी_तपासनीस

हो, इथॅम्ब्युटॉल या टीबीच्या गोळीमुळे. डोळ्याच्या नसेवर परिणाम होऊ शकतो. डोस वजनाप्रमाणे बरोबर असेल तर असं क्वचित होतं, पण किडनी कमजोर असेल तर धोका वाढतो. आपल्या सरकारी पद्धतीत पहिल्या दोन महिन्यांनंतरही ही गोळी चालूच असते, त्यामुळे शेवटपर्यंत लक्ष ठेवावं लागतं.

सुरू करण्याआधी दोन्ही डोळ्यांची नजर आणि रंगदृष्टी मोजून लिहून ठेवा, मग दर महिन्याला. उजव्या डोळ्यात मधलं दिसणं आधीच बिघडलंय, त्यामुळे त्याची रंगचाचणी फारशी विश्वासाची नाही. इथॅम्ब्युटॉलचा त्रास सहसा दोन्ही डोळ्यांना होतो, म्हणून चांगला डावा डोळाच तुम्हाला आधी खबर देईल. घरी एक लाल झाकण ठेवा. रोज उजवा डोळा झाकून त्याने ते बघायचं. लाल रंग फिका, विटकरी वाटायला लागला तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

स्टेरॉइडमुळे डोळ्यातला दाब आणि रक्तातली साखर दोन्ही वाढतात, तेही मोजत राहा. आणि रिफॅम्पिसिन स्टेरॉइडला शरीरातून लवकर बाहेर काढतं, म्हणून स्टेरॉइडचा डोस ठरवणाऱ्या डॉक्टरांना टीबीच्या सगळ्या गोळ्या माहीत हव्यात.

आरोग्यसेविका_घाटकोपर

बाळाचं मी सांगते. फुप्फुसात टीबी नसेल तर डोळ्याचा टीबी एकमेकांना लागत नाही. बघण्याने, टॉवेलने, एका ताटात जेवल्याने नाही. मामाला भाच्याला उचलू दे. पण भावाला हा जंतू कुठून तरी आलाय, म्हणून घरातल्या सगळ्यांना, आजीआजोबांनाही, एकदा आरोग्य केंद्रात नेऊन खोकला, वजन, एक्स-रे बघून घ्या.

खाजगी डॉक्टरांनी निदान केलं तरी निक्षय या टीबीच्या सरकारी नोंदणीवर नोंद करणं २०१२ पासून बंधनकारक आहे. नोंद झाली की औषधं फुकट मिळतात, खाजगी डॉक्टरांकडे उपचार चालू ठेवूनही. बँक खातं जोडलं तर पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये येतात, आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढले. घरं नोंद टाळतात, मुलाचं लग्न ठरायचंय म्हणतात. मी तुम्हाला हात जोडून सांगते, टाळू नका. नोंद असली की एखादा डोस चुकला तर आमच्यातली कुणीतरी दाराशी येते.

लिव्हरची काळजी बरोबर आहे, पण त्यावर उपाय म्हणजे रक्त तपासत राहणं. मळमळ, जेवण नकोसं होणं, डोळे पिवळे दिसणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी दाखवायचं. दारू पूर्ण बंद. हातापायाला मुंग्या येऊ नयेत म्हणून बी-६ ची गोळी सोबत देतात, ती लोक किरकोळ समजून सोडतात, सोडू नका.

परळचा_वाटसरू

मी लिहिलेलं मागे घेतो. शेजाऱ्यांना विचारलं, त्यांचा आजार वेगळा होता, नुसते डोळे आले होते. ताई, माफ करा. मी केईएमच्या जवळच राहतो, सकाळी केसपेपरच्या रांगेत उभं राहायला माणूस हवा असेल तर मला निरोप करा.

थोरली_ताई

पाच आठवड्यांनी लिहितेय. वाटसरूदादा खरंच पहाटे रांगेत उभे होते, त्यांचे उपकार विसरणार नाही.

दोन्ही विभागांच्या डॉक्टरांनी एकत्र बसून कागद बघितले. सिफिलिस निगेटिव्ह आला. गाठीतून नमुना घेतला. सीबीनॅटमध्ये जंतू नाही आला, पण सूक्ष्मदर्शकाखाली ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेच्या पेशींचा पुंजका, दिसला आणि तो आतून कुजलेला होता. असा सार्कॉइडमध्ये सहसा नसतो म्हणाले, आणि त्याच दिवशी औषधं लिहून दिली. रंगदृष्टी आधी मोजून घेतली. बाबांनी खोबरेल तेलाच्या बाटलीचं लाल झाकण त्याच्या उशाशी ठेवलंय, रोज सकाळी स्वतः धरून विचारतात.

मीनाताई, अठराव्या दिवशी धुरकटपणा वाढला. भाऊ रडवेला झाला होता. मी त्याला तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं आणि आम्ही रिक्षा करून सरळ रुग्णालयात गेलो. स्टेरॉइड वाढवलं, बाकी काही बंद केलं नाही. कालच्या फोटोत कडा तिथेच थांबलेली आहे, मॅक्युलाच्या अलीकडे.

नमुन्याचं कल्चर, म्हणजे जंतू वाढतो का बघणारी चाचणी, लावलंय, त्याचा रिपोर्ट यायला आणखी काही आठवडे लागतील म्हणाले. आला की इथेच कळवते.