मदत हवी आहे: जुनी मोटरबोट बघायला जातोय, काय काय तपासू? (रविवारच्या आत सांगा)

सावरगावचा
रविवारी जुनी मोटरबोट बघायला जातोय. १७ फुटी, फायबरची, सहा माणसं बसतात. फोटोत अगदी नव्यासारखी दिसते. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणे, त्यामुळे हो की नाही ते रविवारीच सांगायचंय. जुन्या गाड्या चार घेतल्यात, पण बोटीतलं काही कळत नाही. कृपया 'नवीनच घ्या' म्हणू नका, तेवढं बजेट नाही.

खाडीकाठ
इंजिन कोणतं? किती एचपी, टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक? बोट आजवर खाऱ्या पाण्यात होती की गोड्या? सोबत ट्रेलर मिळतोय का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

सावरगावचा
इंजिन मागे लटकवलेलं, ४० एचपी. बाकीचं विचारून सांगतो.

हवा_भरा
मी तर म्हणेन हवा भरायची रबरी बोट घ्या. माझी तीन वर्षं झाली, गाडीच्या डिकीत मावते, ट्रेलरची भानगड नाही. मुकणे धरणावर दोनदा नेली. वल्ह्यावरही छान चालते.

सावरगावचा
दादा, आई ७२ वर्षांची आहे, तिला रबरी बोटीत चढता येणार नाही. बसायला पक्कं बाक हवं.

कालवा_निवृत्त
चालवणार कुठे ते लिहिलं नाहीत. सावरगाव म्हणजे गंगापूर धरणाचं बॅकवॉटर ना? जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतो. काठावर तुमची जमीन असली तरी पाणी तुमचं होत नाही. आधी लेखी परवानगी, मग बोट. शिवाय अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ प्रमाणे यांत्रिक बोटीला नोंदणी लागते. विकणाऱ्याच्या नावावर ती आहे का, ते आधी बघा.

सावरगावचा
परवानगीसाठी अर्ज दिलाय. मला बोटीचं सांगा ना कुणीतरी.
मालकाचं उत्तर आलं: टू स्ट्रोक, २०१४ चं, बोट अलिबागकडची, ट्रेलर आहे. 'तुम्ही याल तेव्हा इंजिन गरम करून ठेवतो, एका झटक्यात चालू होईल' म्हणाला.

खाडीकाठ
तिथेच थांबा. त्याला आत्ताच फोन करून सांगा की आम्ही यायच्या आधी इंजिन चालू करायचं नाही. गरम इंजिन कुणाचंही चालू होतं, खरी परीक्षा थंड इंजिनाची. पोचल्यावर आधी वरच्या कव्हरखाली हात लावून बघा.

मग बोटीच्या मागच्या बाजूला या. इंजिन जिथे कसलेलं असतं तो भाग म्हणजे ट्रान्सम. बाहेरून फायबर, पण जुन्या बोटीत आत बहुतेक प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकातून पाणी शिरलं की आतलं प्लाय कुजतं, वरचा रंग मात्र चकचकीत राहतो. इंजिन अर्धं वर उचलून, खालचा पाय (इंजिनाचा पंख्याकडचा भाग) दोन्ही हातांनी धरून वर-खाली दाबा. दाबताना डोळा इंजिनावर नको, बोल्टच्या भोवती ठेवा. ट्रान्सम केसभरही हलता कामा नये. मी माझी पहिली बोट हे न बघता घेतली. दुसऱ्या पावसाळ्यात इंजिन मागे झुकलं आणि ट्रान्सम फोडल्यावर आतून चहाच्या चोथ्यासारखं लाकूड निघालं.

नंतर नाण्याने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने पूर्ण तळ वाजवा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत ओल आहे किंवा थर सुटलेत. आत उभं राहून टाचेने फरशी दाबत जा. गादीसारखी दबली तर खालच्या आधाराच्या पट्ट्या गेल्या म्हणून समजा.

सातपूर_गॅरेज
ठोकून काय कळतं? इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघा. सगळे प्लग काढा, गेज लावा, सिलिंडरच्या आकड्यांत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर सोडा. बोटीचं फायबर कुणीही जोडून देतो.

खाडीकाठ
कॉम्प्रेशन बघाच, त्याला ना नाही. पण ट्रान्सम 'कुणीही जोडून देतो' हे गाडीच्या बंपरला ठीक आहे. इथे सगळं इंजिन त्या एका फळीवर लटकतं आणि बोटीत याची आई बसणार आहे.
आणि खाऱ्या पाण्यातलं इंजिन आहे म्हणून आणखी एक. खालच्या पायातलं गिअर ऑइल थोडं काढायला लावा. दुधाळ निघालं तर सीलमधून पाणी शिरलंय. पंख्याच्या मागे मासेमारीचा तंगूस गुंडाळला गेला की सील कापलं जातं, म्हणून पंखाही काढून बघा. इंजिन चालू असताना बाजूच्या भोकातून पाण्याची धार जोरात यायला हवी. बारीक आली तर इम्पेलर (इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणारं रबरी चाक) तरी गेलाय, नाहीतर आतले रस्ते मिठाने चोंदलेत.

सातपूर_गॅरेज
धारेचं बरोबर. पाण्याबाहेर चालवू नका मात्र, इम्पेलर मिनिटात जळतो. पाय पाण्याच्या पिंपात बुडवा. टाकीतलं जुनं पेट्रोलही फेका, हल्लीच्या २० टक्के इथेनॉलमध्ये पाणी धरतं.

कालवा_निवृत्त
टू स्ट्रोक म्हणजे न जळलेलं पेट्रोल आणि ऑइल पाण्यात. गंगापूरचं पाणी नाशिक शहर पितं हो. फोर स्ट्रोकच बघा.

पाणपक्षी
कालवा काकांशी सहमत. हिवाळ्यात त्या बॅकवॉटरला बदकं उतरतात, इंजिनाच्या आवाजाने सगळा थवा उठतो. नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्याला २०२० मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) जाहीर झाला, राज्यातली ती पहिली जागा. तिकडे कधी पहाटे या, मोटरबोटीची आठवणही होणार नाही.

मुलांचीआई
बोटीबरोबर लाइफ जॅकेट फुकट मिळत असतील तर घेऊ नका. जुन्यांचा फोम दबलेला असतो. मुलांना त्यांच्या वजनाचंच हवं, दोन पायांमधून पट्टा असलेलं. मोठ्याचं घातलं तर मूल पाण्यात खालून निसटतं.

सावरगावचा
आलो बघून. फोन करूनही इंजिन गरमच होतं, कव्हरखाली हात ठेवता येईना. मी म्हटलं थांबतो. जेवून तीन तासांनी आलो, तर दोरी ओढून ओढून माझा खांदा भरून आला, मग कुठे चालू झालं. धार चांगली होती. गिअर ऑइल मात्र दूध जास्त पडलेल्या चहासारखं.
मग पाय धरून दाबला. पहिल्यांदा काही दिसलं नाही. दुसऱ्यांदा मुलगी म्हणाली, बाबा, तिथून पाणी येतंय. खालच्या डाव्या बोल्टच्या बाजूने तपकिरी पाण्याचा एक थेंब आला, सोडलं की आत जायचा, दाबलं की बाहेर. बोट दोन महिने पत्र्याखाली कोरडी उभी आहे असं मालकच म्हणाला होता.
नाही सांगून आलो. काल रात्री त्याचा फोन, किंमत निम्म्यावर आणतो म्हणतो. ट्रान्सम नवीन करून घ्यायला काय लागतं? मुलगी सारखी विचारतेय.

खाडीकाठ
आतली बाजू कापून सगळं ओलं प्लाय काढायचं, फायबर पूर्ण वाळवायचं, मरीन प्लाय रेझिनमध्ये बसवून वर नवे थर द्यायचे. इंजिन उतरवावं लागतं. पण ओल फळीपुरतीच आहे की तळाच्या पट्ट्यांत गेलीय, ते कापल्याशिवाय कळत नाही, म्हणून आकडा सांगत नाही. फरशी टाचेने दाबलीत का? त्याबद्दल काही लिहिलं नाहीत.

सावरगावचा
मागच्या बाकाजवळ दबत होती. दोन हात लांबीपर्यंत.

खाडीकाठ
मग निम्म्यातही नको.