नाकातला स्प्रे आणि तोंडाचा पंप: एकावर भागेल का?

कपाशीवाला, चोपडा
राम राम मंडळी. वडील ६४ वर्षांचे, दमा आहे आणि शिंकाही. कापूस वेचणी सुरू झाली की दोन्ही वाढतात. डॉक्टरांनी तोंडाचा पंप आणि नाकातला स्प्रे, दोन्ही लिहून दिलेत. दोन्हींच्या खोक्यावर फ्लुटिकासोन (सूज कमी करणारं स्टेरॉइड) छापलंय. वडिलांचं म्हणणं, नाक काय अन् तोंड काय, हवा शेवटी छातीतच जाते, मग एकच घेतो. चालेल का? शिवाय पंप मारला की तोंडातून पांढरा धूर परत येतो आणि स्प्रेनं दोनदा नाकातून रक्त आलं.

औषधवाला, जळगाव
नाही चालणार भाऊ. नाव एक असलं तरी थेंब एक नाही. छातीत पोचायला कण १ ते ५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लागतो. नाकाच्या स्प्रेचे थेंब त्याच्या कितीतरी पट मोठे असतात, ते नाकातच अडकावेत म्हणूनच तसे केलेले. म्हणजे दम लागल्यावर नाकात कितीही फवारलं तरी छातीला काही मिळत नाही. उलट पंपाचं औषध नाकाला शिवत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही बंद करू नका. नाक तुंबलेलं राहिलं तर दमाही आटोक्यात राहत नाही.

रक्त येण्याचं कारण बहुतेक वेळा हाताची चूक. उजव्या हातानं उजव्या नाकपुडीत मारलं की फवारा मधल्या पडद्यावर बसतो. डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात, उजवीसाठी डावा. मान किंचित खाली, टोक त्याच बाजूच्या कानाकडे, आणि श्वास हलकेच. जोरात हुंगलं तर औषध घशात उतरतं आणि कडू लागतं. एवढं करूनही रक्त येत राहिलं तर डॉक्टरांना नाक दाखवा. गुण यायला काही दिवस लागतात, पूर्ण असर कधी दोन आठवड्यांनी. दोन दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून सोडू नका. नाक झटक्यात मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब वेगळे. ते चार-पाच दिवसांपुढे ओढले तर नाक आणखी तुंबतं.

श्वास-तंत्र, धुळे
धूर परत येतो म्हणजे दाबणं आणि ओढणं जुळत नाहीये. आधी पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, ओठ घट्ट मिटा. हळू ओढायला लागल्यावर दाबा, चार-पाच सेकंद ओढत राहा, मग दहा सेकंद रोखा. दुसरा पफ अर्ध्या मिनिटानं, पुन्हा हलवून. पद्धत चोख असली तरी छातीत साधारण १०-२० टक्केच औषध जातं, त्यात धूर बाहेर गेला तर उरलं काय?

या वयात सरळ स्पेसर घ्या, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची प्लास्टिकची पोकळ नळी. एका वेळी एकच पफ. श्वास रोखता येत नसेल तर त्यातून पाच-सहा साधे श्वास. साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच निथळू द्या. फडक्यानं आतून पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज चढते आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

(कॅपसूलवाल्या पंपाचं उलटं: तो जोरात आणि खोल ओढायचा, आणि त्यात फुंकायचं नाही, दमट झाली की पावडर गोळा होते.)

स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून पाणी थुंका, नाहीतर जिभेवर पांढरा थर धरतो.

कपाशीवाला, चोपडा
पंप संपला हे पाण्यात तरंगवून बघायचं ना?

औषधवाला, जळगाव
नको, मोजा. १२० पफचा पंप, सकाळी दोन रात्री दोन, म्हणजे ३० दिवस. त्यानंतरही ‘फुस्स’ होतं, पण तो बहुतेक नुसता वायू. ज्यावर आकडा दिसतो तो घ्या. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका, ५० अंशांपुढे डबा फुटू शकतो.

तापीकाठ, भुसावळ
वडिलांना एवढंच सांगा: नाकनं नाकमा, छातीनं छातीमा. बोलताना धाप लागून वाक्य तुटायला लागलं तर मात्र हे दोन्ही बाजूला ठेवा, तातडीचा पंप (श्वासनळ्या लगेच मोकळ्या करणारा) द्या आणि दवाखाना गाठा.