चर्मपत्राच्या पोथ्या: भोकं, शाई आणि कातड्यांचा हिशोब

इतिहास_टीवाय: मध्ययुगीन युरोपच्या पेपरसाठी हस्तलिखितांवर प्रकल्प करतेय. डिजिटल प्रती बघताना तीन गोष्टी अडल्या. एका बायबलला खरंच शेकडो वासरं लागायची का? पानांवर मधेच गोल भोकं दिसतात, ती कसरीची का? आणि चर्मपत्रावरची शाई नुसती तपकिरी दिसते, पण जुन्या कागदावर तीच आरपार गेलेली असते, असं का?

अक्षरवेल: भोकं बहुतेक कातडं तयार करतानाच पडलेली असतात. कातडं काही दिवस चुन्याच्या पाण्यात भिजवत, थंडीत जास्त दिवस. केस खरवडून ओलं असतानाच लाकडी चौकटीवर ताणत. कडेला छिद्र पाडून दोरी ओवली तर ताणाने कातडं फाटतं, म्हणून कडेच्या घडीत छोटा गोटा गुंडाळून त्याभोवती दोरी आवळत आणि दुसरं टोक खुंटीला बांधत. वाळत जाईल तशी खुंटी पिळून ताण वाढवायचा आणि चंद्रकोरीच्या आकाराच्या पात्याने तासायचं. सरळ पात्याचं टोक रुततं. सोलताना लागलेला बारीकसा काप किंवा माशी चावल्याचा व्रण या ताणाखाली उघडतो आणि गोल भोक होतं.

ओळखायचं कसं? लेखनिकाने भोक टाळून शब्द पलीकडे पुरा केला असेल तर भोक आधीचं. अक्षराचा तुकडाच गेला असेल आणि पुढच्या-मागच्या पानांवरही त्याच जागी छिद्र असेल, तर कसर.

पानोपानी: वासरांचा आकडा पुस्तकाच्या आकारावर ठरतो, सरसकट सांगू नका. कोडेक्स अमियातिनुस हे टोकाचं उदाहरण. इंग्लंडमधल्या वेअरमाउथ-जॅरो मठात तयार झालेलं हे अखंड बायबल, पानं 1030. एका कातड्यातून मधे दुमडलेला एकच मोठा ताव, म्हणजे दोन पानं निघाली असं धरलं तर 515 कातडी होतात. अशी तीन बायबलं मठाने केली, म्हणजे दीड हजारावर वासरं! त्यातलं हे एक रोमला पोहोचवायला मठाधिपती केओलफ्रिथ 716 मध्ये निघाले आणि वाटेत फ्रान्समधल्या लाँग्र इथे वारले. ग्रंथ आज फ्लॉरेन्समध्ये आहे. उलट 13व्या शतकात पॅरिसमध्ये बनणारी खिशात मावणारी बायबलं बघा. पातळ चर्मपत्र, बारीक अक्षर, एका कातड्यात कितीतरी पानं.

मायफळ: शाईचं उत्तर रसायनात आहे. ओकच्या झाडावर गांधीलमाशीच्या जातीचा बारीक कीटक अंडी घालतो, तिथे गाठ येते. तेच मायफळ. ते कुटून पाण्यात भिजवायचं, गाळून त्यात हिराकस (लोहाचा क्षार, फेरस सल्फेट) घालायचा, शेवटी बाभळीचा डिंक. प्रात्यक्षिक करायचं असेल तर 30 ग्रॅम मायफळ, 10 ग्रॅम हिराकस, 5 ग्रॅम डिंक आणि 300 मिली पाणी घ्या. भांडं काचेचंच. लिहिताना शाई फिकी दिसेल, घाबरू नका. हवा लागली की काळी पडते, कारण लोहाचं ऑक्सिडीकरण तिथे पूर्ण होतं. डिंक कमी पडला तर शाई पसरते, जास्त झाला तर वाळल्यावर पोपडे निघतात.

या शाईत आम्ल तयार होतं. हिराकस जास्त पडला तर उरलेलं लोहही कागदाच्या तंतूंचा नाश करतं. चर्मपत्रात मुरलेला चुना आम्ल बराचसा मारतो, म्हणून तिथे शाई सहसा फक्त तपकिरी होते.

अक्षरवेल: एक भर. कातड्याची केसांकडची बाजू पिवळसर असते, मोठं करून पाहिलं तर केसांच्या मुळांचे ठिपके दिसतात. मांसाकडची बाजू पांढरट. चार ताव एकात एक घालून आठ पानांची जुडी करताना पिवळ्यासमोर पिवळी आणि पांढऱ्यासमोर पांढरी येईल अशी मांडणी बहुतेक ठिकाणी पाळत. त्यामुळे डिजिटल प्रतीत समोरासमोरची दोन पानं वेगळ्या रंगाची दिसली तर तिथे एखादं पान गळलंय का, हे मजकूर जुळवून तपासा. असा एक नमुना प्रकल्पात जरूर घ्या.