३१ गुणांचे टक्के काढू नका
ताई, मुलाला ४५ पैकी ३१ म्हणजे ६९ टक्के, असं तुम्ही म्हणता, पण हा हिशेब आयबी डिप्लोमाला (अकरावी-बारावीच्या तोडीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) लावू नका. सहा विषय, प्रत्येकी ७, झाले ४२. उरलेले ३ मोठा निबंध आणि टीओके (थिअरी ऑफ नॉलेज, म्हणजे ज्ञान म्हणजे काय याचा विचार करणारा विषय) मिळून. आणि ७ ही श्रेणी आहे, शंभर टक्के नव्हे.

खरी मेख वेगळीच. २४ गुणांना डिप्लोमा मिळतो हे सगळे सांगतात. हायर लेव्हलच्या, म्हणजे जास्त खोलात शिकायच्या, तीन विषयांत मिळून १२ लागतात, हे कोणी बोलत नाही. माझ्या भाचीचे एकूण २६ होते. जुलैत, गोव्यात पर्वरीला धो धो पावसात निकाल उघडला. मी पेढे आणायला छत्री उचललीसुद्धा, तेवढ्यात तिने बोटं मोजली: ४, ४, ३. अकरा! नोव्हेंबरात केमिस्ट्री पुन्हा दिली, ३ चे ४ झाले, तेव्हा कुठे सुटली.

तुमच्या मुलाचे हायरचे तीन आकडे काय आहेत?