स्वस्त बँडसॉ म्हणजे पैसे पाण्यात? अजिबात पटलं नाही

देवगडचा हौशी
काल इथे एकाने ठासून लिहिलं की घरी बँडसॉ (चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पट्टीची विजेची करवत) घ्यायचा तर १४ इंची चाकांचा, बिडाच्या फ्रेमचाच घ्या. १० इंची म्हणजे खेळणं, आणि कोकणात ते दुसरा पावसाळा बघत नाही. वाचून डोकंच फिरलं. ज्याच्याकडे एक पडवी आणि हौस एवढंच आहे त्याने काय हात बांधून बसायचं?

माझं १० इंची पडवीतच आहे. सुरुवातीला फळी चिरताना पट्टी नागमोडी जायची. दोष मशीनचा नव्हता, सोबत आलेल्या पट्टीचा होता. उभी फळी चिरायला इंचाला ३-४ दात लागतात. बारीक दातांत भुसा कोंबला जातो, पट्टी तापते आणि वाट सोडते. पहिला खर्च चांगल्या पट्टीवर करा. आणि १० इंचीवर अर्धा इंच रुंदीची पट्टी ताणत बसू नका, फ्रेम वाकते पण पट्टीला पुरेसा ताण बसत नाही. ३/८ इंची पुरते.

मग चाकं फिरवून बघा, पट्टी मधोमध चालते का. बाजूची बेअरिंगं पट्टीपासून कागदाच्या जाडीएवढी लांब, आणि दातांच्या मागे; पुढे सरकली तर दात गेले म्हणून समजा. मागचं बेअरिंग रिकाम्या मशीनला टेकू नये, लाकूड रेटलं की टेकावं. टेबल पट्टीशी गुण्यात, म्हणजे काटकोनात लावा. एवढं केल्यावर ४ इंच रुंद फणसाची फळी सरळ निघते. पटत नसेल त्याने येऊन बघावं.

राजापूरचा वखारवाला
ती पोस्ट माझी. शब्दही मागे घेत नाही. ४ इंच फणस म्हणजे काय मोठंसं? फणस त्यातल्या त्यात मऊ. ६ इंच ऐन, ते कठीण लाकूड, चिरून दाखव, मग बोलू. आमच्या वखारीत लहानपणापासून पट्ट्या तुटताना बघतोय. चाक जेवढं लहान तेवढी पट्टी प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते आणि लवकर तुटते. तीन चाकांची छोटी मशीनं येतात ती तर फुकट दिली तरी घेऊ नये. जुनं बिडाचं मशीन घाटावरून आणा, बेअरिंग आणि चाकावरचं रबर बदला, नातवंडं वापरतील.

चितारआळीची लेक
काका, सगळेच फळ्या चिरत नाहीत हो. आम्ही सावंतवाडीत खेळणी करतो, पांगारा नाहीतर आंबा. मला वळणं कापायची असतात. पाव इंची पट्टी सुमारे ५/८ इंच त्रिज्येपर्यंत वळते, तिथे तुमच्या १४ इंचीचा मला काय फायदा? आणि ते बीड माडीवर चढवणार कोण?

गुहागर पडवी
पट्टीवर भांडताय, पण विजेचं कोणी बोलत नाही! आमच्या वाडीत संध्याकाळी १८० व्होल्ट मिळाले तरी नशीब. या मशीनांना असते त्या इंडक्शन मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने उतरते. २३० चे १८० झाले की साधारण ६० टक्केच उरते. त्यात लोक गणपतीच्या लायटिंगची बारीक वायर पडवीत ओढतात आणि मशीन अडतं म्हणून कंपनीला शिव्या घालतात. २.५ चौरस मिलिमीटरची वायर घ्या, लांबी कमी ठेवा, अर्थिंग करा.

राजापूरचा वखारवाला
वायरचं बरोबर. पण गंजाचं काय? पत्र्याची फ्रेम, खारा वारा, चार महिने पाऊस.

देवगडचा हौशी
खोबरेल तेलाचा हात फिरवतो. टेबल आरशासारखं आहे.

वेंगुर्ल्याचा सुतार
खोबरेल?? अरे, त्या टेबलावरून फळी सरकवलीस की तेल लाकडात मुरणार. मग त्यावर पॉलिश धरत नाही, ग्लू धरत नाही. गिऱ्हाईकाचा देव्हारा असा फुकट गेलेला मी डोळ्यांनी बघितलाय. मेण लाव, साधी मेणबत्ती घासून फडक्याने पूस. फळी पण सरकते.

मालवणी माणूस
माज्या आज्यान जलमभर खोबरेल लावलान, त्येचो रंधो आजून चकचकीत असा. मेणबत्तीचां माका शिकव नको!

वेंगुर्ल्याचा सुतार
रंध्याचं पातं आणि बँडसॉचं टेबल एक आहे का? पात्याला लावा हवं तेवढं. टेबलावर तेलात भुसा बसतो, भुसा ओल धरतो, आणि त्याच्याखाली गंज. आजोबांच्या नावावर काहीही खपवू नका.

मालवणी माणूस
आज्याचां नाव काढू नको हां. तुजो देव्हारो फुकट गेलो म्हणान सगळ्यांचो जाता?

चितारआळीची लेक
भांडा, पण मशीनवर प्लास्टिक तेवढं टाकू नका. पावसात आतून घाम धरतो आणि गंज दुप्पट चढतो. आम्ही जुनी सुती चादर टाकतो आणि खालच्या बंद कप्प्यात कापूर ठेवतो. मशीन बंद असेल तर पट्टी सैल करते, रबरावर खळगा पडत नाही.

गुहागर पडवी
फणसाच्या चिकाचंही सांगा कोणीतरी. ओला फणस चिरला की चीक पट्टीवर आणि रबरावर बसतो. मग पट्टी उड्या मारते आणि लोक बेअरिंग घट्ट करत बसतात.

वेंगुर्ल्याचा सुतार
पट्टी काढून रॉकेलने पुसायची. रबराला रॉकेल लावायचं नाही, फुगतं. रबरावरचा चीक लाकडाच्या चपट्या तुकड्याने खरवडायचा. मुळात फणस रापल्यावर चिरावा.

राजापूरचा वखारवाला
ठीक आहे. खेळणी, वळणं, चार इंचापर्यंतचं मऊ लाकूड, यासाठी १० इंची चालेल, बाईंचं म्हणणं मान्य. पण सागाला ती पट्टी किती टिकते तेही लिहा. सागातल्या वाळूने धार मरते, आणि १० इंचीची पट्टी आमच्या बाजूला पटकन मिळत नाही.

देवगडचा हौशी
म्हणून दोन जास्तीच्या पट्ट्या मशीनसोबतच मागवायच्या. सागाला एक वेगळी ठेवतो, तिला दुसरं लाकूड दाखवत नाही. टेबलाला मेण लावून बघेन. खोबरेल पट्टीला चालू राहील.

मालवणी माणूस
पट्टीक लाव, टेबलाक लाव, पन लाव.