मदत हवी आहे: व्हिएन्नात बीफ न खाणारे आणि शाकाहारी, एकाच टेबलावर

व्हिएन्नात रविवारी रात्री सहा जणांचं जेवण ठरवायचंय. चौघं मांसाहारी पण बीफ नको, दोघं शाकाहारी, अंडं चालतं.

मेन्यूकार्डावर नुसतं 'वीनर श्नित्झेल' (चुरा लावून तळलेला मांसाचा पातळ तुकडा) असेल तर ते वासराचं, म्हणजे आपल्या हिशोबाने बीफच. डुकराचं असेल तर तसं लिहिलेलं असतं. टाफेलश्पित्झ तर सरळ उकडलेलं बीफ, म्हणून बाद. चौघांसाठी बाकहेन्डल, म्हणजे पावाचा चुरा लावून तळलेलं चिकन, हे नक्की केलंय.

खरी अडचण शाकाहाऱ्यांची. फ्रिटाटनझुपं या सूपमध्ये डोशासारख्या घावनाच्या पट्ट्या दिसतात, पण खालचं पाणी बहुतेक बीफच्या हाडांचं. क्नोडलमध्ये, म्हणजे उकडलेल्या गोळ्यांमध्ये, श्पेकचे (डुकराच्या खारवलेल्या मांसाचे) बारीक तुकडे असू शकतात. तळलेले मशरूम बरेचदा श्नित्झेलच्याच कढईत तळतात, आणि कढईत कधी तूप, कधी डुकराची चरबी. मेन्यूत पदार्थांपुढची A, C, G अक्षरं ग्लूटेन, अंडं, दूध सांगतात. चरबी कशाची ते नाही. उरतं काय, तर केझश्पेट्झलं (चीज घातलेले मऊ छोटे नूडल) आणि कैझरश्मारन (तुकडे केलेलं जाड, फुगीर घावन). (श्मारन गोड असतं, पण तिथे ते जेवण म्हणूनही खातात.)

तर माहीतगारांनी सांगा:
मशरूम वेगळ्या तेलात तळून देणारं, रविवारी उघडं असणारं साधं बाइझल, म्हणजे व्हिएन्नातलं घरगुती धाटणीचं छोटं खाणावळ, कोणतं? बरीचशी रविवारी बंद असतात.
केझश्पेट्झलंवरचा कांदा कशात परततात, हे विचारायला जर्मनमध्ये नेमकं वाक्य काय?
श्मारन ताजं करायला साधारण अर्धा तास लागतो. मग ते सुरुवातीलाच सांगून ठेवलं तर चालतं का?