पप्पांच्या आतड्याची गाठ: दुर्बिणीने करावी की पोट उघडून?

कागलकर
नमस्कार मंडळी. पप्पा ६३ वर्षांचे, संडासवाटे रक्त जात होतं, मूळव्याध म्हणून गावातलंच औषध चाललेलं, शेवटी कोलोनोस्कोपी केली तर सिग्मॉइडमध्ये (मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा भाग) गाठ निघाली आणि बायोप्सीत कॅन्सर. सीटी स्कॅनमध्ये लिव्हर, फुप्फुस क्लिअर आहे. कोल्हापुरातले सर्जन दुर्बिणीने करू म्हणतायत पण चुलत्यांचं एकच, "एवढ्याशा भोकातनं कॅन्सर सगळा निघतोय व्हय?" त्यात एक पाहुणे म्हणतात पुण्याला नेऊन रोबोटिकच करा, खर्च ऐकून डोकं फिरलं. काय करावं?

ओटीवाला
ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, बरीच वर्षं काढलीत म्हणून लिहितो. चुलत्यांना सांगा, भोकातनं उलट जास्त दिसतं, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात आणि कॅमेरा सगळं मोठं करून स्क्रीनवर दाखवतो. गाठ मात्र भोकातनं निघत नाही, ती काढायला शेवटी ५-६ सेंटीमीटरचा एक छेद घ्यावाच लागतो, त्याच्या कडांना प्लॅस्टिकचं कव्हर लावून आतड्याचा तुकडा अलगद बाहेर घेतात. हे आधी कुणी नीट सांगत नाही आणि मग नातेवाईक भांडायला येतात, दुर्बिणीचं म्हणालात मग हे टाके कसले! आतलं काम दोन्हीकडं तेच, गाठीच्या दोन्ही बाजूचं थोडं चांगलं आतडं घेऊन, रक्तवाहिनी मुळाशी बांधून, तिच्यासोबतच्या लिम्फ ग्रंथींसकट काढायचं. पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये निदान १२ ग्रंथी तपासल्यात का ते बघा, छेद केवढा यापेक्षा ते महत्त्वाचं.
चुलत्यांची शंका एकेकाळी डॉक्टरांनाही होती बरं का, सुरुवातीला पोर्टच्या, म्हणजे दुर्बिणीसाठी पाडलेल्या भोकांच्या, जागी कॅन्सरच्या गाठी आल्याच्या केसेस झालेल्या. म्हणून अमेरिकेत ८७२ पेशंटवर ट्रायल झाली, निकाल २००४ ला आला, तीन वर्षांत कॅन्सर परत येण्याचं प्रमाण दुर्बिणीत १६ टक्के, पोट उघडून १८, म्हणजे सारखंच. पण त्यातच दुर्बिणीच्या २१ टक्के पेशंटचं मध्येच पोट उघडावं लागलं, तेव्हा तसं झालं तर केस बिघडली समजू नका.

राजारामपुरीकर
माझं रेक्टमचं (आतड्याचं गुदद्वाराजवळचं टोक) झालंय, दुर्बिणीनेच. ते प्रकरण वेगळं, खाली ओटीपोटात जागा अरुंद, आधी रेडिएशन, वर काही महिने पोटावर संडाससाठी पिशवी. रोबोटचा उपयोग असला तर अशा अडचणीच्या जागी, आणि रोबोट काय आपण होऊन कापत नाही, सर्जनच बाजूला कन्सोलवर बसून चालवतो. सिग्मॉइडसाठी एवढा खर्च मी तरी केला नसता. ऑपरेशननंतर पोटापेक्षा खांदा दुखला, मी घाबरलो, सिस्टर म्हणाल्या गॅसमुळं होतंय. दुसऱ्या दिवशी चालवलं. आमचे मेहुणे लगेच पांढरा रस्सा घेऊन हजर, सिस्टरांनी दारातनंच परत धाडले 😄

ओटीवाला
+१. सर्जनला सरळ विचारा, वर्षात आतड्याच्या अशा किती केसेस करता. चांगला डॉक्टर रागवत नाही.

शाहूपुरी_ताई
खर्चाचं, महात्मा फुले योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतात, रेशन कार्ड, आधार घेऊन आधी त्यांना भेटा, ॲडमिट झाल्यावर धावपळ नको. आणि पप्पांची तंबाखू आजपासनं बंद.

कागलकर
सगळ्यांचे आभार, चुलत्यांना हे वाचून दाखवतो. ताई, तंबाखूचं कसं कळलं ओ तुम्हाला?

शाहूपुरी_ताई
कागलचे म्हणालात की 😄